भोपळ्याचं चित्र मुलांना ‘वाचायला’ कसं शिकवायचं: आधी भोपळा, मग कागद

माझी भाची तिसरीत होती तेव्हाची गोष्ट. तिच्याकडे भोपळ्याच्या जीवनचक्राचा एक रंगीत कागद होता, गोलात सहा चित्रं, बी, कोंब, वेल, फूल, हिरवा भोपळा, पिकलेला भोपळा आणि प्रत्येकाच्या मधे एकेक बाण. तिने सगळी नावं घडाघडा वाचली, एक अक्षर चुकलं नाही. मी म्हटलं, मग सांग बघू काय काय होतं. तर म्हणाली, “मावशी, भोपळा मोठा मोठा होतो आणि मग लहान लहान होऊन परत बी होतो.” आणि हे सांगताना तिचं बोट होतं पिकलेल्या भोपळ्याकडून बीकडे जाणाऱ्या बाणावर.

आता यात तिचं काय चुकलं सांगा. बीचा कोंब झाला, कोंबाचा वेल झाला, मग भोपळ्याचं बी झालं असणार, बाण तर सगळे एकसारखेच काढलेत. अक्षरं शिकवायला आपण बाराखडी घेतो, काना मात्रा वेलांटी वर्षभर घोटून घेतो, पण बाण कसा वाचायचा, कापलेल्या भोपळ्याचं चित्र कसं वाचायचं, कोपऱ्यातली ती छोटी चौकट काय सांगते हे कोणी बसून शिकवत नाही, चित्र आहे ना मग कळेलच असं आपण धरून चालतो. नाही कळत. तेव्हापासून मी आमच्या सोसायटीतल्या सात-आठ मुलांना शनिवारी दुपारी घेऊन बसते, दुसरी ते पाचवीची आहेत सगळी, आणि भोपळा या एकाच विषयावर आम्ही पाच-सहा शनिवार काढले. काय केलं ते इथे लिहिते, तुम्ही घरी एका मुलासोबतसुद्धा करू शकता.

भोपळाच का तर स्वस्त आहे, बाराही महिने मिळतो, आठवडाभर बाहेर ठेवला तरी काही होत नाही (कापला नसेल तर), आणि त्याची तयार चित्रं भरपूर मिळतात. हॅलोविनमुळे इंग्रजीत तर नुसता पाऊस आहे भोपळ्याच्या चार्टांचा.

कागद काढायच्या आधी भोपळा आणा

ही एक गोष्ट मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगेन. मुलाने खरा भोपळा उचललेला नसेल, देठ हाताला टोचलेला नसेल, आतल्या धाग्यांमधून बिया ओढून काढलेल्या नसतील तर चित्रातल्या रेघा त्याच्यासाठी नुसत्या रेघा असतात. भाजीवाल्याकडे बहुतेक वेळा फोडी मिळतात, पाव किलो अर्धा किलो, त्या चालणार नाहीत, दीड-दोन किलोचा अख्खा छोटा भोपळा हवा. आम्ही मुद्दाम मंडईत गेलो आणि जाताना मुलांनाच पुण्याच्या मेट्रोचा नकाशा वाचायला लावला. वनाजहून एका रंगाची लाईन, सिव्हिल कोर्टला उतरून (नकाशात जिल्हा न्यायालय लिहिलेलं असतं) स्वारगेटकडे जाणारी जांभळी लाईन, मग मंडई. किती स्टेशनं, कुठे बदलायचं, कुठल्या बाजूची गाडी, हे सगळं मुलांनी बोट ठेवून सांगायचं, मोठ्यांनी गप्प बसायचं. हीपण माहिती देणारं चित्र वाचण्याचीच प्रॅक्टिस आहे, आणि इथे मुलांना लगेच कळतं की नकाशात दोन स्टेशनं सारख्या अंतरावर दाखवलीत म्हणून रस्त्यात ती सारख्या अंतरावर असतात असं नाही. हा मुद्दा पुढे भोपळ्यापाशी परत येणार आहे.

मंडईत भोपळे बघून चौथीतल्या एका मुलाचा पहिला प्रश्न, “हा भोपळा नाहीये, भोपळा केशरी असतो.” कारण त्याने चित्रात कायम केशरी, गोल, खोल खाचांचा भोपळा बघितलाय. आपल्याकडचा बाहेरून हिरवट, मातकट, ठिपक्या-पट्ट्यांचा, आणि आतून केशरी. म्हणून चित्र बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, चित्रकाराने कुठला भोपळा काढलाय? तो खोल खाचांचा केशरी भोपळा आणि आपला लाल भोपळा एकाच घराण्यातले आहेत पण जाती वेगळ्या आहेत. त्यात मराठीत भोपळा हा शब्द एकटा नाहीये, लाल भोपळा म्हणजे डांगर, दुध्या भोपळा म्हणजे दुधी, तंबोऱ्याला जो भोपळा लावतात तो दुधीच्या जातीतला वाळवलेला, आणि दारावर टांगतात तो कोहळा, तो परत निराळाच. चौघांची नावं लिहून चार चित्रं काढून घेतली तर मुलांना आपोआप कळतं की लेबल का लागतं. चित्र असूनही लेबल लागतं, आणि लेबल असूनही चित्र लागतं.

आधी त्यांना काढू दे

घरी आल्यावर भोपळा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, याच्या आत काय असेल ते काढ. कापायच्या आधी. आमच्या मुलांनी कोणी भोपळा बियांनी गच्च भरलेला काढला, कोणी मधे आंब्यासारखी एकच कोय काढली, एकीने आत पाणी दाखवलं. काहीही काढलं तरी नुसतं ठेवून घ्या, बरोबर-चूक काही बोलू नका.

मग कापा. हे काम मोठ्यांचंच, साल फार टणक असते आणि सुरी घसरते, त्यामुळे खाली फडकं घालून आधी देठाच्या बाजूने थोडी खाच पाडून घ्या. भोपळा उभा कापायचा म्हणजे देठापासून बुडापर्यंत. आणि एक काकडी आडवी कापा. काकडी का, तर तीपण त्याच कुळातली आहे, दुधी, दोडका, कारलं, कलिंगड सगळे त्याच कुळातले, आणि काकडीच्या आडव्या चकतीत बियांचे तीन गट स्वच्छ दिसतात. तीच काकडी उभी कापली की बियांच्या नुसत्या लांब ओळी दिसतात. एकच वस्तू, काप बदलला की चित्र बदललं. पुस्तकात “उभा छेद” “आडवा छेद” लिहिलेलं असतं ते हेच, आणि हे एकदा हाताने बघितलं ना की पुढे सातवी-आठवीत फुलाचा छेद, हृदयाचा छेद आला तरी मूल गडबडत नाही. लहान मुलांना खरंच असं वाटतं की छेदाच्या चित्रातला भोपळा कोणीतरी अर्धा खाल्लाय, किंवा तो मुळात तसाच अर्धा असतो. आत दिसावं म्हणून चित्रकाराने तो कापून दाखवलाय, हे सांगावं लागतं.

आता छापील चित्र काढा. आणि मुलांनी मघाशी काढलेलं चित्र त्याच्या शेजारी ठेवा. काय वेगळं आहे ते तेच सांगतील, तुम्हाला विचारायचीसुद्धा गरज नाही.

बोट ठेवून दाखव

माझ्याकडे एवढं एकच वाक्य आहे आणि मी ते शंभर वेळा वापरते. “समजलं का?” विचारलं की मुलं हो म्हणतात. “बोट ठेवून दाखव” म्हटलं की खरं काय ते कळतं. गर कुठाय, दाखव. मूल “गर” या शब्दावर बोट ठेवतं. नाही, शब्दावर नको, शब्दापासून जी रेघ निघालीये तिच्यावरून बोट सरकवत जा, रेघ जिथे संपते तिथे थांब, ती जागा म्हणजे गर. आता तीच जागा खऱ्या भोपळ्यात दाखव. शब्द, रेघ, चित्र, खरी वस्तू असा प्रवास प्रत्येक लेबलचा करायचा, देठ, साल, गर, बिया, बियांभोवतीचे धागे. पाचच लेबलं आहेत, दहा मिनिटं लागतात, पण घाई करू नका कारण निम्मी मुलं लेबलचा शब्द वाचतात आणि रेघेकडे बघतच नाहीत, शब्दाच्या सगळ्यात जवळ जे चित्र असेल त्याला ते नाव देऊन मोकळी होतात.

दुसऱ्या दिवशी उलटं करायचं. लेबलांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि नुसतं चित्र बघून नावं सांगायला लावायची. इंग्रजीतला चार्ट असेल तर हे फारच सोयीचं पडतं. सेमी इंग्लिशच्या मुलांची गंमत अशी असते की ते अवघड इंग्रजी शब्दावर अडकतात आणि मग चित्रसुद्धा सोडून देतात. म्हणून आधी शब्द झाका, चित्रातून जेवढं कळतंय तेवढं मराठीत बोलू दे, चिठ्ठीवर मराठी नाव लिहू दे, मग चिठ्ठी उचलून खाली काय आहे ते बघायचं.

कोपऱ्यातली चौकट किंवा भिंगाचं गोल वर्तुळ, ज्यात बी मोठं करून दाखवलेलं असतं, त्यावर एक वेगळा दिवस द्या असं मी म्हणेन. त्या वर्तुळातलं बी बऱ्याचदा शेजारच्या भोपळ्याएवढं दिसतं. मुलांना विचारलं “बी केवढं असतं” तर ती चित्र बघून हात पसरतात! उपाय सोपा आहे, खरं बी त्या वर्तुळावर ठेवायचं आणि किती पट मोठं काढलंय ते मोजायचं. बी साधारण दीड-दोन सेंटीमीटर, चित्रातलं आठ सेंटीमीटर, म्हणजे चार-पाच पट. मग रात्रभर भिजवलेलं एक बी सोलून उघडा, आतला दोन भागांचा मऊ गर दिसतो, रुजल्यावर तीच पहिली दोन जाड पानं होतात. हे डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून तर चित्रकाराने मोठं केलं, हे मुलांच्या लक्षात येतं.

बाणाला प्रत्यय लावा

आता जीवनचक्राकडे येऊ. माझ्या भाचीच्या बाणाचं काय केलं ते सांगते, आणि ही युक्ती मला व्याकरणाच्या तासावरून सुचली. प्रत्येक बाणावर विभक्तीचा प्रत्यय लिहायचा. मोठ्याने वाक्य म्हणायचं आणि जो प्रत्यय तोंडात येईल तो बाणावर लिहायचा.

बीचा कोंब. कोंबाचा वेल. वेलाला फूल. फुलाचा भोपळा. भोपळ्यात बी.

बघा, चा, चा, ला, चा, त. (हिरवा आणि पिकलेला आम्ही म्हणताना एकच भोपळा धरला, पण तो मधला बाणसुद्धा सोडायचा नाही, हिरव्याचा पिकलेला, म्हणजे तिथे परत चा.) बाण सगळे सारखे दिसतात पण मराठी बोलताना आपण सारखं बोलत नाही. जिथे ‘चा’ आहे तिथे एक बदलून दुसरं होतं. वेलाला फूल येतं पण वेल काही नाहीसा होत नाही, तो तिथेच असतो. आणि ‘त’ म्हणजे आत, भोपळ्यात बी असतं, भोपळा लहान होऊन बी होत नाही. भाचीने स्वतः हे म्हणून बघितलं आणि शेवटच्या बाणापाशी थांबली, “भोपळ्याचं बी... नाही, भोपळ्यात बी” असं स्वतःच दुरुस्त केलं. मला काही बोलावंच लागलं नाही. तेव्हापासून आम्ही बाण असलेलं कुठलंही चित्र आलं, फुलपाखराचं असो की पाण्याचं, आधी प्रत्यय लिहितो. ज्या बाणाला प्रत्यय सापडत नाही तो बाण चित्रकाराने नीट काढलेला नाही असं मुलं आता बिनधास्त सांगतात, आणि बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं.

मग पुढचा प्रश्न, चित्रात काय नाहीये? माझ्या मते याच प्रश्नाने मूल खरं वाचायला लागतं. बहुतेक चित्रांत फूल एकच काढलेलं असतं. पण भोपळ्याच्या एकाच वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात, नर फुलं आधी यायला लागतात, मादी फुलाच्या खाली अगदी लिंबाएवढा छोटा भोपळा आधीपासूनच दिसतो, फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्या वेळात मधमाशी नर फुलावरून मादी फुलावर गेली तरच तो छोटा भोपळा धरतो, नाहीतर पिवळा पडून गळून जातो. एवढं सगळं त्या एका ‘चा’ च्या बाणात लपलेलं आहे. आम्ही मुलांना मधमाशीचं चित्र कापून त्या बाणावर चिकटवायला दिलं. भज्यांसाठी भोपळ्याची फुलं मिळाली तर दोन्ही प्रकारची मागून घ्या, भाजीवाल्याकडे बहुतेक नर फुलंच येतात, कारण मादी फुलं तोडली तर भोपळे कमी येणार.

आणि दुसरं जे नाहीये ते म्हणजे बाकीच्या बिया. गोलात एकच बी असतं. आम्ही आमच्या भोपळ्यातल्या मोजल्या, दहा-दहाचे ढीग करून, २८६ निघाल्या. मग बाकीच्या २८५ चं काय होतं? यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला, काही किडतात, काही आपण खातो, काही पक्षी नेतात. गोल चित्र बघून असं वाटतं की सगळं नीट फिरत राहतं, मोजल्यावर कळतं की गोल पूर्ण करणारं बी नशीबवान असतं.

दिवस लिहायला विसरू नका. बी रुजायला आठवडा-दहा दिवस, आणि लावल्यापासून भोपळा काढेपर्यंत साधारण ९० ते १२० दिवस. चित्रात प्रत्येक टप्प्याला सारखीच जागा दिलेली असते, मेट्रोच्या नकाशासारखी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजून दाखवले की फरक कळतो.

आकडे असलेली चित्रं

इथे मुलं दोन प्रकारांत विभागली जातात, काही आकडे बघून खूश होतात आणि चित्र बघत नाहीत, काही चित्र बघतात आणि आकडे सोडतात. शाळेतले शब्दच वापरा, चित्रालेख (छोट्या चित्रांनी आकडे दाखवणारा), स्तंभालेख (बार चार्ट), वृत्तालेख (पाय चार्ट), म्हणजे मुलांना ओळखीचं वाटतं.

भोपळ्याच्या पोषणाचा चार्ट बहुतेक सगळीकडे असतो, त्यात लिहिलेलं असतं की भोपळ्यात साधारण ९२ टक्के पाणी असतं. हे मुलांना वाचता येतं पण पटत नाही, भोपळा तर टणक आहे, पाणी कुठाय? मे महिन्यात वाळवणं घालतो तेव्हा हे करून बघा. भोपळ्याचा बारीक किस १०० ग्रॅम वजन करून घ्या, ताटात पसरून गच्चीवर कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, वरून पातळ फडकं टाका, आणि परत वजन करा. आमचा ११ ग्रॅम भरला. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचे १०० चौकोन आखायचे, ८९ निळे रंगवायचे, ११ केशरी. शेजारी चार्टप्रमाणे ९२ आणि ८ रंगवायचे. तीन चौकोनांचा फरक का आला? कारण आमच्या किसात थोडं पाणी अजून शिल्लक होतं. पाचवीतल्या मुलीला हे विचारल्याबरोबर सुचलं. टक्के म्हणजे काय हे मला शब्दांत सांगायला कधीच नीट जमलं नव्हतं, या ताटाने ते काम केलं.

चित्रालेखात खालची सूची आधी वाचायची सवय लावा, एक भोपळा = ५ भोपळे असं काहीतरी लिहिलेलं असतं ते न वाचता मुलं चित्रं मोजून उत्तर देतात. सूची हाताने झाकली की चित्रालेखाला काहीच अर्थ राहत नाही हे दाखवलं की पुरे.

स्तंभालेखात एकच तपासायचं, पट्टी भोपळ्यापासून सुरू होते का? म्हणजे शून्यापासून! आपल्याकडे परीक्षेत शून्य मिळालं की भोपळा मिळाला म्हणतात, ते इथे वापरा, मुलं कधी विसरत नाहीत. एका भोपळ्याचं वजन ८ किलो, दुसऱ्याचं १० किलो, आणि पट्टी ७ पासून सुरू केली तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. दोन्ही प्रकारे काढायला लावा, एकदा ७ पासून, एकदा भोपळ्यापासून. स्तंभालेख १७८६ साली विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने छापले आणि १८०१ मध्ये वृत्तालेखही त्यानेच आणला, म्हणजे ही चित्रभाषा फार जुनी नाही. हे मुलांना सांगितलं की त्यांना बरं वाटतं, कोणीतरी बसून ठरवलंय की असं काढायचं, म्हणजे आपणही शिकू शकतो.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती मोठ्या भोपळ्यांच्या चित्रात. २०२३ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा भोपळा १२४७ किलोचा भरला, तेव्हाचा तो विश्वविक्रम होता. अशा बातमीसोबत चित्र असतं, एक छोटा भोपळा आणि शेजारी त्याच्या चारपट मोठा भोपळा. आम्ही ठरवलं खरं प्रमाण काढायचं. आमचा २ किलोचा भोपळा म्हणजे १ सेंटीमीटर. मग २० किलोचं मूल म्हणजे १० सेंटीमीटर. आणि तो १२४७ किलोचा म्हणजे जवळजवळ ६२४ सेंटीमीटर, सव्वासहा मीटर! कागदावर मावेना म्हणून सुतळी घेतली, लिफ्टपासून सुरुवात केली आणि शेवटच्या फ्लॅटच्या दारापर्यंत गेलो. तिसरीतली दोन मुलं त्या सुतळीच्या बाजूने चालत गेली आणि चालत परत आली, काही बोलली नाहीत, नुसती बघत होती.

यातच अजून एक खाच आहे, थोड्या मोठ्या मुलांसाठी. दुप्पट दाखवायचं म्हणून चित्रकार भोपळा दुप्पट उंच काढतो, पण उंच केला की तो रुंदही दुप्पट होतो. चौकटीच्या वहीत २ बाय २ चा चौकोन म्हणजे ४ घरं, ४ बाय ४ चा म्हणजे १६ घरं. म्हणजे आकडा दुप्पट, आणि डोळ्याला दिसतं चौपट. हे एकदा मोजलेलं मूल पुढे जाहिरातीतल्या चित्रांकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघतं, मी स्वतः हा अनुभव घेतलाय, आमची पाचवीतली मुलगी आता पेपरमधली चित्रं पट्टी घेऊन मोजते.

कालरेषा असेल तर तीच सुतळी परत वापरा. मेक्सिकोत ओआहाका भागातल्या एका गुहेत साधारण १०,००० वर्षांपूर्वीच्या, माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्यात. १ मीटर म्हणजे १००० वर्षं धरली तर दहा मीटर सुतळी. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये, म्हणजे आजच्या टोकापासून फक्त ५३ सेंटीमीटर मागे, आणि लाल भोपळा आपल्या देशात आला तो त्यानंतरच. आजीच्या घारग्यांची सगळी परंपरा त्या अर्ध्या मीटरच्या आतली आहे! छापील कालरेषेत मात्र या दोन घटना शेजारी शेजारी दोन ठिपक्यांसारख्या असतात.

शेवटी त्यांचं स्वतःचं चित्र

वाचायला आलं का हे काढायला लावल्यावर कळतं. आम्ही विषय दिला घारगे. कृती सगळ्यांना माहिती, भोपळा किसायचा, गूळ घालून शिजवायचा, गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची आणि मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, मळून थापायचे आणि तळायचे. अट एकच, वाक्यं लिहायची नाहीत, चित्रं, बाण, आकडे आणि एका-दोन शब्दांची लेबलं एवढंच. आणि तपासणार आजी, आजीने कागद बघून कृती सांगायची आणि काढणाऱ्याने मधे तोंड उघडायचं नाही. हे गप्प बसणं मुलांना फार जड जातं पण तेच महत्त्वाचं आहे, जिथे आजी अडली तिथे चित्र अपुरं आहे.

आजी अडली ती ‘मावेल तेवढी’ वर. कणीक किती? एकाने १ वाटी लिहिलं होतं. आजी म्हणाली, भोपळ्याला पाणी किती सुटलंय त्यावर आहे बाळा, १ वाटी कसं सांगणार. मग मुलं परत बसली, मावेल तेवढी हे चित्रात दाखवायचं कसं यावर डोकं लावत. शेवटी भाचीने दोन हात काढले, एकाच्या बोटांना पीठ चिकटलेलं, त्यावर फुली आणि परत कणकेच्या डब्याकडे जाणारा बाण, दुसऱ्याची बोटं स्वच्छ, त्यावर बरोबरची खूण आणि पुढे थापण्याकडे जाणारा बाण. आजीने ते बघून बरोबर सांगितलं, हाताला चिकटायचं थांबेपर्यंत घालायची.

एका वेळी एकच चित्र घ्या, वीस-पंचवीस मिनिटांच्या वर नको. पहिलीच्या आतल्या मुलांना फक्त लेबलं आणि काप एवढंच पुरे, टक्के आणि स्तंभ नको. आणि त्या बिया टाकू नका, धुवून सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख लिहा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत दोन-तीन लावा, किंवा जानेवारी-फेब्रुवारीत. शेजारी भिंतीवर एक कोरा गोल चिकटवून ठेवा, बाण काढलेले पण चित्रं रिकामी, आणि जे जसं दिसेल तसं मुलांनी तारीख घालून भरायचं. आमच्या गोलात सध्या बी, कोंब, वेल आणि चार नर फुलं आहेत, मादी फुलाची वाट बघतोय.